मदत हवी आहे: इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या सेलसाठी फॅराडे केज (बाहेरचं विद्युतक्षेत्र अडवणारा धातूचा पिंजरा), जाळीचा की पत्र्याचा?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये १० मायक्रॉन व्यासाच्या प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर फेरोसीन या लोहाच्या संयुगाची व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज बदलत करंट मोजणं) करतोय. करंट जेमतेम दोन नॅनोअँपिअर. आलेख गुळगुळीत यायला हवा, तर त्यावर करवतीचे दात! दोन दातांमधलं अंतर २० मिलिसेकंद, म्हणजे मेन्सचाच (वीजपुरवठ्याचा) ५० हर्ट्झ. सेलजवळ (द्रावण आणि इलेक्ट्रोड असलेल्या भांड्याजवळ) हात नेला की दात वाढतात, त्यावरून हा विद्युतक्षेत्राचा त्रास असावा असं वाटतं. सध्या ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून निभावतोय, पण दर वेळी सेल उघडायचा म्हणजे वैताग.

बोहरी आळीत तांब्याची जाळी बघून आलो. ५० हर्ट्झला जाळीच्या भोकांनी काही बिघडत नाही हे मान्य, पण मोबाइलच्या लहरींसाठी भोकं किती बारीक लागतील? शेजारच्या टेबलावर मोठा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचं चुंबकीय क्षेत्र तांब्याची पातळ जाळी अडवणार नाही, मग लोखंडी पत्र्याची पेटीच करावी का?

खरी अडचण अर्थिंगची. पिंजरा पोटेन्शिओस्टॅटच्या (सेलला व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) ग्राउंडला जोडू की भिंतीतल्या प्लगच्या अर्थला? दोन्हीकडे जोडला तर ग्राउंड लूप (दोन अर्थ जोडण्यांमधून फिरणारा नको असलेला करंट) होईल ना? आणि केबल आत नेताना तीच अँटेना होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? स्वतः पिंजरा बनवलेल्यांनी फोटो टाकले तर फार बरं होईल. ॲसिडच्या वाफांनी तांबं हिरवं पडतं का, तेही सांगा.