मदत हवी आहे: बाबांचं ३२ बोअरचं रिव्हॉल्वर ठेवू का नवीन पिस्तूल घेऊ?

नमस्कार मंडळी. राहायला कोथरूडला, धंदा चाकणच्या पुढे, छोटा पेट्रोल पंप आहे. यूपीआयमुळे रोख कमी झाली तरी ट्रकवाले अजून बरेच रोखीतच देतात आणि रात्रीचा हिशोब करून निघायला अकरा वाजतात. आतापर्यंत बाबा सोबत असायचे, त्यांच्याकडे लायसनचं रिव्हॉल्वर आहे, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, ३२ बोअर, १९९८ ला घेतलेलं. एकदाही बाहेर काढायची वेळ आली नाही आणि तशी येऊच नये. आता ते ७४ चे आहेत, गुडघे गेलेत, म्हणतात तुझ्या नावावर करून घे.

२०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसनवाला सत्तरीचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर ते वारसाच्या नावावर करता येतं, आमच्या केसमध्ये दोन्ही बसतं. कमिशनर ऑफिसला चौकशी केली, अर्ज, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे सगळं माझं मला वेगळं करावंच लागणार. मग मनात आलं की एवढी खटपट करायचीच आहे तर नवीन सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठीच अर्ज का करू नये. कायद्याने २०१९ पासून दोन हत्यारं ठेवता येतात, पण मला घरात एकच हवंय, दोन सांभाळायची माझी तयारी नाही.

दुकानात जाऊन ३२ चं अशनी पिस्तूल हातात घेऊन बघितलं. चपटं आहे, कमरेला रिव्हॉल्वरसारखा फुगवटा येत नाही, गाडीत बसताना टोचत नाही, मॅगझिन बदललं की झालं, एकेक गोळी भरत बसायला नको. हे सगळं पटलं. पण बाबा सोबत होते, दुकानदाराने मॅगझिन काढून पिस्तूल माझ्या हातात दिलं तर बाबा म्हणाले थांबा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून दाखवा. आत काही नव्हतं, पण बाबांनी गाडीत बसल्यावर समजावलं की मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, राहू शकते आणि घराघरातले अपघात त्या एका गोळीने होतात. आमचं रिव्हॉल्वर मधून दुमडून उघडतं, उघडलं की सहा भोकं समोर, भरलंय का रिकामं ते आईला सुद्धा लांबून कळतं. २०२४ मध्ये लोकसभेला आणि परत विधानसभेला पोलीस स्टेशनला जमा करायला मीच सोबत गेलो होतो, दोन्ही वेळा बाबांनी ते आधी उघडून टेबलावर ठेवलं आणि मगच कागद पुढे केला.

घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि माझी अडचण खरं तर तीच आहे. रात्री बारा वाजता दमून आल्यावर माझ्या हातून विसरायला होऊ शकेल असं हत्यार मला नकोय. दुसरीकडे बाबांच्या रिव्हॉल्वरचा चाप इतका जड आहे की नुसता ओढताना नळी हलते, मग वेळेला त्याचा उपयोग काय? बायकोला पण शिकवावं का? कोणी दोन्ही वापरलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद (माजी सैनिक, खडकी):
दादा, आधी शेवटचं. लायसन तुमच्या नावावर म्हणजे हत्यार तुमचंच, वहिनींनी वापरायचं नाही, त्यांना फक्त त्याला हात न लावता काय करायचं ते सांगून ठेवा. चाप जड आहे तो दोष नाही, डबल ॲक्शनमध्ये एकाच ओढीत घोडा (गोळीवर आपटणारा मागचा हातोडा) मागे जातो आणि सिलिंडरही फिरतं म्हणून जड लागतो, आणि चुकून दाबला जाण्यापासून तोच जडपणा वाचवतो. गोळी फुसकी निघाली तर रिव्हॉल्वरमध्ये परत चाप ओढायचा, पुढची गोळी येते. पिस्तुलात स्लाइड ओढून फुसकी बाहेर काढावी लागते, शिवाय मनगट ढिलं पडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. हे सरावाने जातं, पण वर्षात किती वेळा सराव करणार ते खरं सांगा. आणि लायसनवर दोन्हीला ३२ लिहितात म्हणून गोळ्या एकच समजू नका, रिव्हॉल्वरचं काडतूस लांब आणि काठवालं असतं, पिस्तुलाचं आखूड, एकमेकांत चालत नाही. घरात हत्यार वेगळं, गोळ्या वेगळ्या, दोन्हीला कुलूप आणि किल्ली तुमच्याजवळ.

धागाकर्ता:
काका, मनापासून आभार. सरावाचं विचारलंत आणि मी गप्पच झालो, वर्षात दोनदा झाला तरी खूप. म्हणजे पिस्तूल बाजूला, बाबांचंच नावावर करून घेतो, पंपावरची रोख रात्री हलवायची ती पण संध्याकाळी उजेडात भरायला सुरुवात करतो. फक्त एक सांगा, घोडा पूर्ण मागे ओढलेला असताना सिलिंडर बोटाने किंचित हलतं. बाबा म्हणतात पहिल्यापासून तसंच आहे, मला तसं आठवत नाही. हे इतपत चालतं, का गोळी घालायच्या आधी लायसनवाल्या गनस्मिथला दाखवावंच लागेल?