मदत हवी आहे: पाचवीच्या मुलांना भातशेती दाखवायची आहे, जागा सुचवा

शाळावाली
शुक्रवारी सहलीची बैठक आहे, त्याआधी उत्तर हवंय. मुलांना खरी भातशेती दाखवायची आहे, रिसॉर्टच्या मागचे चार शोभेचे वाफे नकोत. मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारलं, "बी पेरलं की उगवतंच, मग रोप उपटून दुसरीकडे का लावायचं?" मला सांगता आलं नाही. फार लागलं मनाला. हे बांधावर उभं राहूनच शिकवायचं, असं तेव्हाच ठरवलं. बस, डबे सगळं जमेल. फक्त जागा सांगा.

घाटवाट
निघणार कुठून? मुलं किती? एवढं तरी लिहा! शालेय सहलींना एसटीत सवलत मिळते, आगारात आधी विचारून ठेवा.

कर्जतकर
नेरळची सगुणा बाग, शेती दाखवणारं कृषी पर्यटन केंद्र. तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र म्हणजे भात लावायची पद्धत तिथलीच. गादीवाफे, म्हणजे उंच सपाट वाफे, एकदा करायचे, त्यावर बी टोकायचं, म्हणजे भोकं पाडून पेरायचं. चिखलणी (पाणी भरून शेतात चिखल करणं) नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू देतात, गांडुळं वाढतात. त्या मुलीला सांगा, उपटून लावायची गरजच नाही.

मावळचापाऊस
गरज नाही कशी? आमची खाचरं, म्हणजे भाताची बांधबंदिस्त शेतं, सखल, पाणी तुंबतं. टोकलेलं बी तिथे कुजून जातं. शिवाय तुमच्या तंत्रात तणनाशक मारावं लागतं, तेही सांगा की.
ताई, उत्तर असं आहे. छोट्या वाफ्यात रोप दाट वाढवतात, तोवर पाऊस धरतो आणि खाचरात चिखलणी होते. एकवीस ते पंचवीस दिवसांचं रोप पाण्यात लावलं की त्याने तणावर आघाडी घेतलेली असते. साचलेल्या पाण्यात तणही कमी उगवतं. मुलांना आधी रोपं उपटायला लावा, मुठी बांधू द्या, मग लावू द्या. दोन-तीन रोपं एका जागी, अंगठ्याने दाबून. पाय अनवाणी, गमबूट चिखलात रुततात.

कर्जतकर
तणनाशक लागतं, मान्य. पण दरवर्षी चिखलणी करून जमिनीचा पोत जातो, त्याचं काय? आणि लावणीला माणसं मिळतात का आता?

दूर्वा
अनवाणी?? लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, विचार करा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, पायाला जखम असेल तर धोका जास्त. ज्यांना कापलंय, खरचटलंय त्यांना बांधावरच ठेवा. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवायला लावा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना शेतात गेल्याचं सांगायला पालकांना बजावा.
@मावळचापाऊस, तुमच्याकडे इंद्रायणी जातीचाच तांदूळ का? हल्ली शिजवताना पूर्वीसारखा वास येत नाही.

पक्षीवेडा
भिगवणला न्या. उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, मुलं जन्मभर विसरणार नाहीत. दुर्बिणी मी देईन.

घाटवाट
@पक्षीवेडा, त्यांना भात हवाय. ताई, मुलं किती ते अजून कळलं नाही.

शाळावाली
पुण्यातून, सिंहगड रस्ता. मुलं १२४. तारीख डिसेंबरचा दुसरा आठवडा. आमच्या सहली डिसेंबरातच असतात, म्हणून लिहिलं नाही. लेप्टोचं पालकांच्या पत्रात घालते.

मावळचापाऊस
डिसेंबर? अहो, तोवर कापणी, झोडणी होऊन भात घरात आलेला असतो. खाचरात हरभरा नाहीतर मसूर दिसेल. पेंढ्याची उडवी दाखवू, भात भरडून तांदूळ कसा निघतो तेही दाखवू. पण तिचा प्रश्न जुलैचा आहे, तो आत्ताच दिसेल. आणि १२४ मुलं एका खाचरात उतरली तर लावलेलं सगळं तुडवलं जाईल.

कर्जतकर
हे मात्र पटलं.

शाळावाली
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डिसेंबरची सहल बदलणार नाही, पण एक तुकडी शनिवारी आणायची परवानगी बैठकीत मागते. ती मुलगी त्याच तुकडीत आहे. तुमची रोपं किती दिवसांची झाली?

मावळचापाऊस
अठरा. पुढच्या शनिवारपर्यंत एक खाचर राखून ठेवतो, रस्त्याजवळचं. तीसच मुलं आणा, दोन शिक्षक जास्तीचे. मुली आमच्या घरचं स्वच्छतागृह वापरतील. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस असेल तर सकाळी फोन करून थांबवेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रस्ता सांगतो.

शाळावाली
व्यनि केला आहे.