मदत हवी आहे: राजाराम बंधारा ३८ फुटांवर, बापट कॅम्पातल्या गणेशमूर्ती कधी हलवायच्या?

मूर्तिकाम_कोल्हापूर
बापट कॅम्पात मूर्तींचं शेड आहे. शाडूच्या मूर्ती निम्म्या रंगवून झाल्यात, बाकी कच्च्या आहेत, शिवाय प्लास्टरच्या मोठ्या. दोन टेम्पो लावून सगळं हलवायला पूर्ण दोन दिवस लागतात. आत्ता रात्री ८ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३८ फूट २ इंच, दुपारी २ ला ३७ फूट २ इंच होता. २०२१ च्या पुराची खूण शेडच्या फरशीपासून ७ फूट वर आहे. विदर्भावरचं कमी दाबाचं क्षेत्र जागचं हलत नाही म्हणतात. धोक्याच्या ४३ फुटांपर्यंत थांबावं का? उगाच हलवल्या तर पावसात मूर्ती खराब होतात, म्हणून विचारतोय.

पाणलोट
दादा, ३९ इशारा आणि ४३ धोका या पातळ्या अख्ख्या शहरासाठी आहेत. तुमच्या शेडची पातळी वेगळी, ती आधी काढा. २०२१ ला बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं होतं. ५६ धरा, त्यातून ७ वजा करा. म्हणजे बंधारा ४९ ला आला की पाणी तुमच्या फरशीला लागणार. यातून दीड फूट सोडा, कारण बंधाऱ्यावरचं पाणी आणि तुमच्या भागातलं फुगवट्याचं पाणी दर वेळी एकाच मापानं चढत नाही. २०१९ ची खूण सापडली तर तिच्यावरूनही हिशोब करा (तेव्हा ५५ च्या वर होतं) आणि दोन्हींतला कमी आकडा धरा. खुणेपासून फरशीपर्यंतचं अंतर गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं मोजा. अंदाजानं धरलं तर फूटभर सहज चुकतं.

आता वेळ बघू. ६ तासांत १२ इंच, म्हणजे तासाला २ इंच. ३८ फूट २ इंचांपासून साडेसत्तेचाळीसपर्यंत ११२ इंच राहिले, म्हणजे ५६ तास. त्यातले ४८ तुम्हाला हलवायलाच लागतात. हातात फक्त ८ तास. पहाटेपर्यंत वेग कमी झाला नाही तर सकाळी उजाडताना टेम्पो दारात हवा. ४३ ची वाट बघितलीत तर निम्म्या मूर्ती शेडातच राहतील.

आणखी एक. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की तासाचे इंच कमी होतात. पूर ओसरतोय असं लोकांना तेव्हा वाटतं. पण येवा (वरून येणारं पाणी) तेवढाच असतो, पाणी फक्त रुंदीत जात असतं. सलग तीन-चार नोंदी खाली आल्याशिवाय काम थांबवू नका.

मूर्तिकाम_कोल्हापूर
हिशोब पटला. पण कोल्हापुरात आज दिवसभर नुसती भुरभुर आहे. पाणी कुठून येतंय? उद्या वेग वाढेल का कमी होईल, हे कशावरून ओळखायचं?

घाटमाथा
शहरातला पाऊस सोडून द्या. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि ते पाणी पडतं राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळ्याच्या पश्चिमेला. कमी दाब विदर्भ किंवा मध्य प्रदेशावर असला तरी तो अरबी समुद्रावरून वारं ओढून घेतो. ते सह्याद्रीला आपटून वर चढतं आणि घाटावर कोसळतं. तो रेंगाळला की घाटावरचा पाऊस थांबत नाही. पुढे सरकून विरला की पश्चिमेचं वारं मंदावतं. म्हणून हवामान खात्याचा इशारा बघताना ‘कोल्हापूर घाट’ हे नाव वेगळं बघा. ऑरेंज म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी, रेड म्हणजे त्याच्याही वर. मोबाईलवरची मॉडेलं घाटातला पाऊस बऱ्याचदा कमी दाखवतात. गगनबावड्याची सकाळची प्रत्यक्ष नोंद जास्त खरी.

धरणांत पहिली राधानगरी बघा. तिथं ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तर जवळपास १० हजार. दरवाजा उघडल्याची वेळ लिहून ठेवा आणि बंधाऱ्यावर वेग कधी बदलतो तेही लिहा. पुढच्या दरवाजाला हाच फरक कामी येतो. ‘वारणेतून विसर्ग वाढवला’, ‘काळम्मावाडीतून सोडलं’ या बातम्यांनी राजाराम बंधारा लगेच चढत नाही. वारणा सांगलीजवळ कृष्णेला मिळते आणि काळम्मावाडी धरणाची दूधगंगा त्याच्याही खाली. त्यांचा त्रास नंतर, पाणी उतरायच्या वेळी होतो.

शाडूवाला
हलवायचा क्रम मी सांगतो. आधी शाडूच्या, त्यातही कच्च्या पहिल्यांदा. तळात ओल लागली की बैठक विरघळते, मग मूर्ती उचलताच येत नाही. टेम्पोत भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर पाटासकट मूर्ती, पाठीला पाठ लावून. पाटाखाली हात घालून उचला, सोंड-हाताला धरू नका. ताडपत्री टेम्पोच्या हौद्यावर बांधा, मूर्तींना प्लास्टिक गुंडाळू नका. आत घाम धरून रंग फुटतो. प्लास्टरच्या मोठ्या शेवटी. त्या विरघळत नाहीत, पण आतून पोकळ असल्यानं पाण्यात आडव्या होऊन एकमेकींवर आपटतात. राहिल्याच तर लोखंडी खांबाला दोन ठिकाणी सुती पट्ट्यानं बांधा. रंगाचे डबे, कॉम्प्रेसर आणि साचे माळ्यावर टाका. मेन स्विच पाणी यायच्या आधी पाडा.

जागा टेंबलाईवाडी किंवा राजारामपुरीच्या चढाकडे बघा. शिरोलीकडे नको, २०१९ आणि २०२१ ला तिथं हायवेवर पाणी आलं होतं, मूर्ती पलीकडं अडकतील.

पाणलोट
परत आणायची घाई करू नका. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेला पुढं वाटच मिळत नाही, त्यामुळे चढायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा उतरायला कितीतरी जास्त लागतो. बंधारा ३९ च्या खाली आला, घाटाचा रेड-ऑरेंज इशारा उठला आणि राधानगरीचे दरवाजे मिटले, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच पहिला टेम्पो परत न्या. बंधाऱ्याची नोंद मिळाली नाही तर १०७७ ला फोन करून जिल्हा आपत्ती कक्षाला विचारा. रात्रीही सांगतात.