ओळख न उघडता अनुभव कसे चित्रित करावेत?

प्रश्न (धंतोली, नागपूर): कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या तीन महिलांचे अनुभव आम्ही चित्रित करीत आहोत, चेहरे धूसर केले तरी शेजारीपाजारी त्यांना ओळखतील, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर १: चेहरा मुळात टिपूच नये. प्रकाश पाठीमागून ठेवून केवळ छायाकृती घ्यावी, आणि बदललेला आवाज पुष्कळदा पूर्ववत करता येत असल्याने तेच शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून वदवून घ्यावेत.

उत्तर २: चेहऱ्यापेक्षा तपशीलच अधिक चुगली करतात. खिडकीतून दिसणारा मेट्रोचा पूल, मंगळसूत्राची घडण किंवा ‘महाल भागातली थोरली सून’ एवढा उल्लेखही (आपल्याकडे तर नक्कीच) पुरेसा होतो.

उत्तर ३: लैंगिक अत्याचाराचा उल्लेख येणार असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ अवश्य वाचावे, पीडितेची ओळख प्रसिद्ध केल्यास २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. खिडकीचे दृश्य आजच काढून टाकते.