२८ फुटी शिडाची बोट, यानमार २वायएम१५ इंजिन: पंखा (प्रोपेलर) कोणत्या मापाचा घ्यावा?

मांडवा_२८
बोट २८ फुटी, फायबरची, पाण्याच्या रेषेवरची लांबी २४ फूट, वजन साडेतीन टन. इंजिन यानमार २वायएम१५ (१३.६ एचपी, ३६०० आरपीएम), गिअरबॉक्स केएम२पी, शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) २५ मिमी. सध्याचा पंखा दोन पात्यांचा १२×८ (व्यास × पिच, इंचांत; पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा न घसरता जितका पुढे जाईल ते अंतर), जुन्या इंजिनाबरोबरचा. थ्रॉटल पूर्ण टाकल्यावर आरपीएमचा काटा लगेच ३७५० वर जातो, धूर अजिबात नाही, पण शांत पाण्यातही वेग साडेचार नॉटच. मुंबई बंदरात उधाणाच्या ओहोटीविरुद्ध तर बोट जागची हलत नाही. एका दुकानदाराने तीन पात्यांचा १५×१२ सुचवला आहे. घ्यावा का?

भरतीओहोटी
१५×१२ घेऊ नका. आधी गिअरबॉक्सच्या प्लेटवरचा रेशो (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) वाचा. केएम२पी २.२१, २.६२ आणि ३.२२ अशा तीन रेशोंत येतो, आणि पंख्याचं माप इंजिनाच्या नाही, शाफ्टच्या आरपीएमवर ठरतं. दुसरं माप: शाफ्टच्या मध्यापासून, जिथे पंखा बसतो तिथून, सरळ वर बोटीच्या तळापर्यंत किती इंच?

मांडवा_२८
प्लेटवर २.६२ आहे. शाफ्टच्या मध्यापासून तळापर्यंत साडेआठ इंच.

भरतीओहोटी
मग हिशोब असा. ३६०० भागिले २.६२, म्हणजे शाफ्ट १३७४ आरपीएम. २४ फूट पाणरेषेला बोटीचा कमाल वेग साधारण साडेसहा नॉट (२४ च्या वर्गमुळाला १.३४ ने गुणा). इंजिनवर ६ नॉट मिळाले तर उत्तम समजा, त्यापुढे फक्त डिझेल जळतं.

पंखा न घसरता किती नॉट जाईल हे काढायला पिच इंचांत घ्या, शाफ्टच्या आरपीएमने गुणा आणि १२१५ ने भागा. तुमचा ८ पिच: ८ × १३७४ ÷ १२१५ = ९ नॉट. प्रत्यक्षात साडेचार, म्हणजे ५० टक्के घसरण (पाण्यात पंखा निसटल्यामुळे वाया जाणारा वेग). अशा जड, संथ बोटीला ४५ टक्के घसरण धरतात. ६ नॉट हवे असतील तर पंख्याचा कागदोपत्री वेग ११ च्या आसपास हवा, म्हणजे पिच ९.६, धरा १०.

व्यासाचं नेहमीचं सूत्र या ताकदीला आणि या आरपीएमला १३.८ इंच देतं. पण तुमच्याकडे तेवढी जागा नाही. पात्याचं टोक आणि तळ यांत व्यासाच्या १५ टक्के तरी अंतर लागतं, नाहीतर प्रत्येक पातं तळाजवळून जाताना ठोका बसतो आणि केबिनमधली भांडीसुद्धा वाजतात. साडेआठ भागिले ०.६५, म्हणजे १३ इंच. १५ इंची पंखा बसवला तर टोकापाशी फक्त एक इंच उरेल.

तेव्हा तीन पात्यांचा १३×१०, उजवा (मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा). व्यास कमी झाल्याची भरपाई थोड्या पिचने होते (एक इंच व्यास म्हणजे भारात दोन ते तीन इंच पिच), म्हणून हिशोबाने ११ पण चालेल. तरी मी १० नेच सुरुवात करेन. आपल्या पाण्यात दोन महिन्यांत तळाला आणि पात्यांना बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव) धरतात, आणि तेव्हा तोच पंखा इंजिनाला जड जातो. १५×१२ घेतला असता तर इंजिन तीन हजारही गाठलं नसतं: काळा धूर, सिलिंडरवर भार, एक्झॉस्टच्या मिक्सिंग एल्बोत (जिथे धुरात थंड करणारं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप) काजळी.

वारा_बरोबर
शिडावर जास्त चालत असाल तर तीन पाती मागे ओढतात, हे विसरू नका. स्थिर (न मिटणाऱ्या पात्यांचा) पंखा शिडावर असताना गिअर न्यूट्रलला ठेवून मोकळा फिरू द्या. केएम गिअरबॉक्सला इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकून ठेवलं तर आतला कोन-क्लच (शंकूच्या आकाराचा क्लच) घसरून झिजतो. घडीचा पंखा (शिडावर पाती मिटणारा) हा दुसरा पर्याय, पण तो कितीतरी महाग, शिवाय बार्नॅकलने सांधे अडकले तर एकच पातं उघडतं आणि शाफ्ट थरथरतो. दर पंधरवड्याला पाण्यात उतरून साफ करणार असाल तरच घ्या.

लेथ_आणि_शाफ्ट
मापाबद्दल वर बरोबर सांगितलंय. मी बसवण्याबद्दल सांगतो, कारण चांगला पंखाही तिथेच बिघडतो.

शाफ्ट खरंच २५ मिमी आहे की एक इंच, हे व्हर्नियरने बघा. फरक ०.४ मिमीचा, डोळ्यांना दिसत नाही, पण २५ मिमीचा टेपर (शाफ्टचं निमुळतं टोक, ज्यावर पंखा बसतो) बहुधा १:१० असतो आणि इंची शाफ्टचा १:१६. चुकीचा पंखा एका टोकालाच टेकतो आणि मागे घेताना सैल होतो. टेपरवर मार्किंग ब्लूचा (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) पातळ थर लावा, पंखा हलक्या हाताने दाबून काढा. आतल्या पृष्ठभागावर ७० टक्के तरी निळं उमटलं पाहिजे.

मग चावी (शाफ्ट आणि पंख्याच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी) न घालता पंखा बसवा आणि हब (पंख्याचा मधला भाग) जिथे थांबतो तिथे शाफ्टवर पेन्सिलची रेघ मारा. आता चावी घालून पुन्हा बसवा. रेघेपर्यंत पोचला नाही, तर हब टेपरवर नाही, चावीच्या डोक्यावर बसलाय. चावी वरून घासा. आधी पातळ नट, त्यावर जाड नट, मग स्प्लिट पिन आणि शेवटी झिंकचा अ‍ॅनोड (पंख्याऐवजी स्वतः गंजणारा तुकडा).

स्थानिक ओतकामाचा पंखा असेल तर तिन्ही पात्यांचा पिच मोजून घ्या. पंखा सपाट टेबलावर ठेवा. १३ इंची पंख्याला मध्यापासून ४.५५ इंचांवर (त्रिज्येच्या ७० टक्के) पात्याचा कोन मोजा: १० पिचला १९.३ अंश, ११ ला २१. म्हणजे दीड-पावणेदोन अंशांनी अख्खा एक इंच पिच बदलतो. तीन पात्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर परत करा.

भरतीओहोटी
चाचणी अशी घ्या. तळ स्वच्छ, टाक्या भरलेल्या, इंजिन तापलेलं, पाणी खोल आणि भरती-ओहोटीमधल्या थांब्याची वेळ. दोन्ही दिशांनी जाऊन वेगाची सरासरी काढा. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका; क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोने (प्रकाशाने आरपीएम मोजणारं यंत्र) मोजा. पूर्ण थ्रॉटलला ३६०० ते ३६५० आलं तर तो पंखा कायमचा. ३७०० च्या वर गेला तर तोच पंखा काढून एक इंच पिच वाढवून घ्या, साधारण २०० आरपीएम उतरतील. ३५०० च्या खाली अडला, तर पिच कमी करून घ्या.

मांडवा_२८
व्हर्नियर लावला, शाफ्ट २५.४ निघाला, म्हणजे इंची. १३×१० उजवा, १:१६ टेपर अशीच ऑर्डर देतो.