‘शॅल’ मेलं म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

निबर: कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. ‘शॅल मेलंय, मोडल्स (शॅल, मस्ट, कुड, मे अशी इंग्रजीतली सहाय्यक क्रियापदं) शिकवणं म्हणजे वेळेचा अपव्यय’, असं ठोकून दिलंय आणि खाली टाळ्यांचा पाऊस. अहो, ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे बंदी आणि ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे सूट. ‘कुड’चंही तेच. एखाद्या वेळी गाडी पकडता आली तर ‘वॉज एबल टू कॅच’ म्हणायचं, ‘कुड कॅच’ नाही. नकारात मात्र ‘कुडन्ट’ खुशाल चालतं. हे न शिकवता कोणाला कळणार?

मुक्तछंदी: पोस्ट माझीच. मस्ट नॉटचं मान्य, बाकी भाषण नको. ‘आय शॅल, यू विल’ (भविष्यकाळात ‘मी’ला शॅल, ‘तू’ला विल) हा नियम जॉन वॉलिसने 1653 च्या व्याकरणात मांडला. तेही लॅटिनमध्ये लिहिलेल्या! मुळात माणूस गणितज्ञ. त्यापायी आम्ही शाळेत छड्या खाल्ल्या.

चिडकी_मैना: शॅलचं राहू द्या, ‘शुड ऑफ’ लिहिणाऱ्यांना आधी आवरा. ‘शुड हॅव’ आहे ते!!

कलमकसाई: करारात ‘शॅल’ आणि ‘मे’ यांच्या फरकावर पैसे जातात. माझ्या भाडेकरारात अनामत रक्कम ‘मे बी रिफंडेड’ होती, म्हणजे परत देता येईल, द्यावीच लागेल असं नाही. मी ते गोड मानून सही केली. रक्कम अजून घरमालकाकडेच आहे.

मुक्तछंदी: करार न वाचता सही केलीत, त्यात व्याकरणाचा काय दोष? आणि कायद्याचंच बोलायचं तर अमेरिकेच्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून 2007 च्या फेरलेखनात शॅल हद्दपार झालं. एकाच शब्दाचे तीन अर्थ निघत होते म्हणून.

कलमकसाई: वाचला होता! इतरांना अडाणी समजायची सवय सोडा. आणि अर्धवट माहिती फेकू नका. त्याच फेरलेखनात नियम 56 (पूर्ण खटला न चालवता निकाल देण्याचा) मध्ये शॅलच्या जागी ‘शुड’ घातलं, त्यावरून वाद झाला, आणि 2010 मध्ये शॅल परत आणावं लागलं. मेलेलं उठून बसलं म्हणायचं का?

बग_बहाद्दर: आमच्याकडे हा तंटाच नाही. इंटरनेटच्या मानकांसाठी आरएफसी 2119 या दस्तऐवजाने 1997 मध्येच ठरवून टाकलं: मस्ट आणि शॅल एकच, शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच टाळा, मे म्हणजे तुमची मर्जी.

मुक्तछंदी: बरं बाबा, वकील आणि प्रोग्रामर यांच्यापुरतं शॅल जिवंत. बाकीच्यांनी चहाला बोलावताना ‘शॅल वी’ म्हणावं, पुरे.

निबर: कुडबद्दल कोणी बोलणार आहे का?

चिडकी_मैना: ‘कुड ऑफ’बद्दल बोलू?