म्हाताऱ्या मांजरीची गाठ: कापायची की राहू द्यायची?

महालची मनीवाली
आमची मनी १४ वर्षांची. दिवाळीत पोटावर हात फिरवताना स्तनाजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली. आता मे महिन्यात ती बोराएवढी झाली आहे. शिवाय मानेवर गळू होतं, ते परवा फुटलं. पिवळा पू, वास, केस चिकटून टणक झालेले. घरचे म्हणतात, म्हातारीला कशाला छळता, हळद लावा. मला हे पटत नाही. वय म्हणजे आजार नव्हे. गाठ काढावी असंच माझं मत आहे.

प्रतापनगरचे काका
ताई, राग मानू नका, पण मी विरोधात. आमच्या बोक्याचं १५व्या वर्षी ऑपरेशन केलं. किडनी आधीच खराब होती, रक्त तपासलंच नव्हतं. भुलीतून उठला, पण खाल्लं नाही काही. पाचव्या दिवशी गेला. शेवटचे दिवस तो कूलरसमोर आपल्या पोत्यावर निजला असता.

सेमिनरी हिल्स
पशुवैद्यकीय शिकते आहे, म्हणून लिहिते. आधी हे दोन त्रास वेगळे करा. मानेवरचं गळू बहुधा भांडणात दात लागून झालेलं. दाताचं भोक वरून बुजतं आणि आत पू साठतो, त्यामुळे वरवर हळद लावून भागत नाही. डॉक्टरांकडून आतून धुऊन घ्या, अँटिबायोटिक लागेल. डेटॉल लावू नका, मांजर चाटतं आणि त्यातलं फिनॉलच्या जातीचं रसायन तिच्या यकृताला नीट पचवता येत नाही. पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, एक गोळीही जीव घेऊ शकते.
गाठीचं मात्र गंभीर आहे. मांजरीच्या स्तनातल्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या निघतात. २ सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर पुढचं आयुष्य बरंच लांबतं, ३च्या वर गेली की आशा फार कमी. काका, तुमच्या बोक्याचं वाईट वाटलं, पण त्यातून धडा रक्त आधी तपासण्याचा निघतो.

प्रतापनगरचे काका
गळूचं पटलं. गाठीचं नाही. एका बोरासाठी काखेपासून जांघेपर्यंत स्तनांची सगळी रांग कापतात, हे त्यांना सांगितलंत का? एवढ्या टाक्यांची म्हातारी, गळ्यात कॉलर, ४५ डिग्री ऊन. हे सोसायचं कुणी? मनीनंच.

सेमिनरी हिल्स
हो, रांग काढतात, जखम मोठी असते. लपवायला नको होतं. म्हणूनच आधी छातीचा एक्स-रे. फुप्फुसात पसरलं असेल तर मीही कापा म्हणणार नाही, दुखणं कमी ठेवायचं औषध द्यायचं.

महालची मनीवाली
आत्ता दोऱ्यानं मोजली, दीड सेंटीमीटर भरली. मनी हात दूर सारत नव्हती, उलट घुरघुरत होती. सोमवारी सकाळी रक्त आणि एक्स-रे, गळूही तिथेच धुऊन घेते. छाती स्वच्छ निघाली तर कापणार. काका, तुमचं ऐकूनच किडनीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय भूल देऊ देणार नाही.

प्रतापनगरचे काका
आठच्या आत निघा. टोपलीवर ओला दुपट्टा टाका, हवा जायला एक बाजू उघडी ठेवा. तिचं पोतं सोबत न्या, वास ओळखीचा राहील.